अपघातानंतरची मोटरसायकल, सर्व्हेयर आणि एस्टिमेटच्या ओळी

मोटरसायकलला अपघात झाला, माणसं सुखरूप राहिली, गाडी गॅरेजला पोचली आणि विमा कंपनीला कळवूनही झालं, की काही दिवसांत दोन कागद समोर येतात. एक गॅरेजचं एस्टिमेट, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज, आणि दुसरं विमा कंपनीने नेमलेल्या सर्व्हेयरचं असेसमेंट, म्हणजे त्याने केलेलं नुकसानीचं मूल्यांकन. गाडी तीच, नुकसान तेच, तरी दोन्ही कागदांचे आकडे क्वचितच जुळतात. बहुतेक गाडीमालक थेट शेवटचा आकडा बघतात. काही जण नशिबाला दोष देऊन गप्प बसतात, काही जण फोनवर आवाज चढवतात. दोन्हींचा उपयोग होत नाही, कारण तो शेवटचा आकडा कोणी वेगळा ठरवलेला नसतो. वरच्या तीस-चाळीस ओळींची बेरीज होऊन तो खाली आलेला असतो. ज्या ओळीत फरक पडला आहे ती ओळ सापडली की बोलायला जागा मिळते. ओळ न शोधता नुसती रक्कम वाढवून मागितली तर समोरच्याला इच्छा असूनही काही करता येत नाही.

म्हणून या लेखात त्या ओळी कशा वाचायच्या ते सांगतो. मोटरसायकलचे क्लेम कारच्या क्लेमपेक्षा वेगळे असतात, आणि तो वेगळेपणा माहीत नसल्यामुळेच बऱ्याच जणांचं नुकसान होतं.

सर्व्हेयर नेमकं काय करतो

नुकसान बघून त्याची किंमत ठरवणाऱ्या माणसाला आपण सर्व्हेयर म्हणतो. भारतात त्याला विमा नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे आयआरडीएआयचा परवाना लागतो. त्याला नेमते विमा कंपनी आणि त्याची फीही कंपनीच देते, पण त्याने मूल्यांकन निःपक्षपातीपणे करावं अशी नियमांची अपेक्षा आहे. इतर देशांत व्यवस्था निराळी आहे. ब्रिटनमध्ये कंपनीसाठी काम करणारा लॉस अ‍ॅडजस्टर आणि विमाधारकाने स्वतः नेमलेला लॉस असेसर असे दोन वेगळे व्यवसाय आहेत. अमेरिकेत कंपनीच्या पगारावरचे, कंत्राटी आणि विमाधारकाच्या बाजूने काम करणारे असे तीन प्रकारचे अ‍ॅडजस्टर असतात. जर्मनीत चूक समोरच्याची असेल तर आपल्या पसंतीचा तज्ज्ञ नेमता येतो आणि किरकोळ नुकसान सोडल्यास त्याची फी समोरच्याच्या विमा कंपनीला द्यावी लागते.

देश कुठलाही असला तरी सर्व्हेयरला चार गोष्टींची उत्तरं लिहायची असतात. हे नुकसान याच अपघातातलं आहे का? ते पॉलिसीत बसतं का? भाग दुरुस्त होईल की बदलावाच लागेल? लावलेला दर वाजवी आहे का? या उत्तरांवर त्याची सही असते आणि वरचा अधिकारी ती तपासतो. हे लक्षात घेतलं तर त्याच्याशी वागण्याची पद्धत आपोआप बदलते. त्याला भावनेने पटवून भागत नाही. अहवालात कारण म्हणून लिहिता येईल असं काहीतरी त्याच्या हातात द्यावं लागतं. "पुढचा शॉकअप बदलायलाच हवा हो साहेब" या वाक्याचं तो काय करणार? पण फोर्क पाइपच्या (पुढचं चाक धरणाऱ्या नळीच्या) वाकाचं मोजमाप, त्याचा फोटो आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली मर्यादा एकत्र दिली तर त्या ओळीला आधार मिळतो.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच सर्व्हेयरचं रोजचं काम मुख्यतः कारचं असतं. कारमध्ये बाहेरचा पत्रा आणि बंपर पुष्कळ मार झेलतात. मोटरसायकलमध्ये तो मार थेट चाक, फोर्क, हँडल, फूटरेस्ट आणि इंजिनच्या कव्हरवर येतो. त्यात हल्ली लहान क्लेम अनेकदा फक्त फोटोंवर निकाली काढले जातात, आणि वाकलेला फोर्क साध्या फोटोत कळत नाही. म्हणून गाडी प्रत्यक्ष पाहण्याची विनंती लेखी करावी आणि पाहणीच्या वेळी शक्यतो गॅरेजमध्ये हजर राहावं. सोबत ज्याने गाडी तपासली तो मेकॅनिक असला तर फारच चांगलं. तांत्रिक प्रश्नांना त्याने उत्तर द्यावं, अपघात कसा झाला ते तुम्ही सांगावं. जे पाहिलं नाही ते अंदाजाने सांगू नये. "वेग किती होता?" याचं खरं उत्तर "नक्की आठवत नाही" असेल तर तेच द्यावं.

क्लेम कोणाकडे करताय, हेही आधी स्पष्ट हवं. स्वतःच्या कंपनीकडे केला तर तुमच्यात आणि तिच्यात करार असतो, म्हणजे पॉलिसीच्या अटी, वजावट (क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा भाग) आणि घसारा (भागांच्या जुनेपणाची कपात) सगळं लागू होतं. चूक समोरच्याची असेल आणि त्याच्या विम्यातून भरपाई मागत असाल तर तुमचा त्या कंपनीशी करार नसतो. तिथे प्रश्न कायद्याने त्या माणसाची जबाबदारी किती एवढाच असतो. त्या कंपनीचा प्रतिनिधी कितीही गोड बोलला तरी तुमच्या हिताची काळजी घेणं हे त्याचं काम नाही. त्याला जबाब रेकॉर्ड करून द्यायची घाई करू नये.

पूर्वीइतकंच, त्याहून जास्त नाही

असेसमेंटमध्ये पैसे का कापले जातात हे समजण्यासाठी विम्याचं मूळ तत्त्व माहीत हवं. नुकसानीच्या आदल्या क्षणी तुम्ही जिथे होता तिथे तुम्हाला परत आणणं एवढंच विम्याचं काम आहे. १८८३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने कॅस्टेलन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यात हे तत्त्व ठामपणे मांडलं. घर विकण्याचा करार झाला, व्यवहार पुरा होण्याआधी घराला आग लागली आणि मालकाला विम्याचे पैसे मिळाले. पुढे खरेदीदारानेही ठरलेली पूर्ण किंमत दिली. मालकाचं अखेर नुकसान काहीच झालं नाही, म्हणून विमा कंपनीला तिचे पैसे परत मिळाले. विमाधारकाला पूर्ण भरपाई मिळावी, पण त्यातून नफा होऊ नये, हा त्या निकालाचा गाभा.

हेच तत्त्व मोटरसायकलला लावलं की घसारा येतो, ज्याला सगळे डेप्रिसिएशन म्हणतात. चार वर्षं वापरलेला भाग गेला आणि कोरा भाग बसवला, तर तुम्ही पूर्वीपेक्षा चांगल्या स्थितीत आलात असं मानून फरक कापला जातो. भारतातल्या नेहमीच्या पॉलिसीत याचं ठरलेलं कोष्टक आहे. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांच्यावर ५० टक्के. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. धातूच्या आणि बाकीच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, पुढे वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात फक्त रंगाच्या मालावर ५० टक्के घसारा असतो, मजुरीवर नसतो. रंगकामाचं बिल एकत्रित असेल तर त्यातला २५ टक्के भाग माल समजला जातो.

आता आजच्या मोटरसायकलकडे पाहा. फेअरिंग, व्हायसर, मडगार्ड, इंडिकेटर, साइड पॅनेल, सीटखालचं कव्हर, सगळं प्लास्टिक. नुसती आडवी पडलेली गाडी असली तरी एस्टिमेटमधली मोठी रक्कम याच भागांची असते आणि तिच्यातली निम्मी आधीच वजा होते. क्लेम मंजूर होऊनही खिशातून इतके पैसे का जातात, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. झिरो डेप्रिसिएशनचं जादा कवच घेतलं असेल तर ही कपात टळते, मात्र त्यात किती क्लेम चालतील आणि कोणते भाग वगळले आहेत ते त्याच पॉलिसीत बघावं लागतं.

इथे तपासायची गोष्ट साधी आहे, पण ती तपासतं कोण? भाग चुकीच्या गटात गेला आहे का ते बघा. अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट प्लास्टिकच्या टक्क्याने कापला, मजुरीवर घसारा लावला, गाडीचं वय एका वर्षाने जास्त धरलं, अशा चुका होतात. त्यात वाद घालायचं काही नसतं. ओळ दाखवली की ती दुरुस्त होते.

ज्या देशांत असं कोष्टक नाही तिथे सर्व्हेयर भागागणिक झीज ठरवतो. अर्धा झिजलेला टायर, ताणलेली चेन, जुनी बॅटरी यांच्यावर कपात ठरलेलीच. ती न्याय्यही आहे. पण जो भाग झिजत नाही, म्हणजे फ्रेम, टाकी, हँडल, त्याच्यावर झिजेच्या नावाखाली मोठी कपात दिसली तर तिचा आधार विचारावा.

एस्टिमेट वाचताना

चांगल्या एस्टिमेटमध्ये सुटे भाग त्यांच्या पार्ट नंबरसह वेगळे, मजुरी कामागणिक वेगळी, रंग वेगळा, बाहेरून करून घ्यायचं लेथचं किंवा वेल्डिंगचं काम वेगळं, ऑइल-कूलंट-नटबोल्टसारखा वापरून संपणारा माल वेगळा आणि कर वेगळा लिहिलेला असतो. "पुढचा भाग पूर्ण, अमुक रुपये" अशी एकच ठोकळ ओळ असेल तर ते एस्टिमेट परत द्या आणि फोड करून मागा. अशा ओळीतून सर्व्हेयरला काय कापायचं आणि काय ठेवायचं ते कळत नाही, मग तो अंदाजाने कापतो.

मजुरीत एक खाच असते. फोर्क बदलायला पुढचं चाक, मडगार्ड, ब्रेक कॅलिपर आणि हँडल सोडवावं लागतं. बॉल रेसर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलायलाही तेच सगळं सोडवावं लागतं. दोन्ही कामांची मजुरी स्वतंत्र लावली तर सोडवण्याची मेहनत दोनदा मोजली जाते, आणि सर्व्हेयर ती एकदा कापतो. ही कपात बरोबर आहे, तिच्यावर भांडू नका. उलटंही घडतं. एका बाजूची फेअरिंग बदलताना दिवे, वायरिंग, आरसे आणि कधी टाकीसुद्धा काढावी लागते, तो वेळ एस्टिमेटमध्ये येतच नाही. मेकॅनिकला विचारा, "हा भाग काढण्याआधी काय काय सोडवावं लागतं?" त्याचं उत्तर लिहून घेतलं की सुटलेल्या ओळी दिसायला लागतात.

"बदलणे" आणि "दुरुस्त करणे" हा शब्दांचा नव्हे, सुरक्षेचा फरक असतो. टाकीवरचा पोचा काढता येतो, सायलेन्सरचं बाहेरचं कव्हर घासून पॉलिश करता येतं. तिथे दुरुस्तीचा आग्रह वाजवी आहे. पण वाकलेला ब्रेक लिव्हर, तडा गेलेला अ‍ॅल्युमिनियमचा रिम, वाकलेला फोर्क पाइप हे भाग सरळ करून परत बसवणं मला पटत नाही. वाकवून सरळ केलेल्या धातूत आतली ताकद किती उरली ते डोळ्यांना दिसत नाही, आणि मोटरसायकलला तोल सावरायला दुसरी चाकांची जोडी नसते. सर्व्हेयरने अशा भागासमोर "दुरुस्ती" लिहिलं असेल तर उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये त्या भागाबद्दल काय म्हटलं आहे ते त्याच्यापुढे ठेवावं. उत्पादक सरळ करायला मनाई करत असेल तर त्याच्याविरुद्ध अहवाल लिहायला सर्व्हेयरही सहसा तयार होत नाही.

आत दडलेलं नुकसान

मोटरसायकलच्या क्लेममध्ये सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात मोठा धोका इथे असतो, म्हणून इथे जरा थांबतो.

पुढून धडक बसली की मार टायर, रिम, फोर्क, टी (फोर्क धरून ठेवणारा ब्रॅकेट) आणि शेवटी चासीचं डोकं, म्हणजे हँडल जिथे फिरतं तो भाग, या क्रमाने वर चढतो. बाहेरून फक्त मडगार्ड फुटलेलं आणि हेडलाइट तुटलेला दिसतो. हँडल तिरकं दिसलं तर बऱ्याचदा फोर्क टीमध्ये नुसता पिळला गेलेला असतो, बोल्ट सैल करून तो जागेवर येतो. पण कधी पाइप खरोखर वाकलेला असतो. फरक कळतो तो पाइप बाहेर काढून, व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर ठेवून, डायल गेज लावून फिरवल्यावरच. अनेक उत्पादकांच्या मॅन्युअलमध्ये फोर्क पाइपच्या वाकाची मर्यादा ०.२ मिलिमीटर इतकी लहान असते. असा वाक नुसत्या नजरेला कसा दिसणार?

बॉल रेसरचंही तसंच. धडकेत बॉल रेसच्या वाटीत रुततात आणि बारीक खड्डे पडतात. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं की मध्यावर खटकन अडकल्यासारखं लागतं. रिमसाठी चाक स्टँडवर फिरवून डगडग मोजतात. होंडा आणि सुझुकीच्या अनेक मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा २ मिलिमीटर असते.

चासीबद्दल काही खुणा सर्व्हेयरच्या नजरेस आणून द्याव्यात. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे टेकतं तो स्टॉपर चेपला किंवा तुटला आहे का? चासीच्या डोक्याजवळ, वेल्डिंगच्या कडेला रंगाला सुरकुत्या, तडे किंवा पापुद्रे आहेत का? इंजिन जिथे चासीला बसतं त्या ठिकाणी बोल्ट सरकल्याची ताजी चमक दिसते का? यातलं काही असेल तर चासीचं मोजमाप हवं. आधी चाकांची सरळ रेषा दोरीने किंवा लेझरने तपासतात, शंका उरली तर जिगवर, म्हणजे चासी मापायच्या साच्यावर, मापं घेतात.

हे मोजणं इतकं महत्त्वाचं का, ते एका हिशेबावरून कळेल. हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला जिथे मिळते तो बिंदू आणि टायर जमिनीला टेकतो तो बिंदू यांतल्या अंतराला ट्रेल म्हणतात. गाडी सरळ धावते ती मुख्यतः या अंतरामुळे. रस्त्यावरच्या पुष्कळ मोटरसायकलींत हे अंतर १०० मिलिमीटरच्या आसपास असतं. धडकेने चासीचं डोकं फक्त एक अंश मागे रेटलं गेलं तरी ट्रेल सुमारे ६ मिलिमीटरने कमी होतो. गाडी दिसायला जशीच्या तशी असते, पण वेगात हँडल हलकं लागतं, थरथरतं. नवं प्लास्टिक लावून चकचकीत केलेली अशी गाडी घरी आणणं म्हणजे धोका पैसे मोजून विकत घेणं.

बाजूवर घसरलेल्या गाडीत वेगळ्या जागा बघायच्या. इंजिनचं साइड कव्हर घासून पातळ झालं असेल तर आज तेल गळत नाही, पुढे गळतं. फूटरेस्टवर पूर्ण भार आला असेल तर त्याचा ब्रॅकेट आणि तो ज्या चासीला बसतो तिथला धागा तपासावा. एबीएस असेल तर चाकाजवळचा सेन्सर आणि दातेरी रिंग, रेडिएटर असेल तर त्याच्या जाळीचा पिळ, आणि हँडल ताणलं गेल्यामुळे आवळलेली वायरिंग बघावी. गाडी आडवी पडूनही इंजिन काही वेळ चालू राहिलं होतं का, हे मेकॅनिकला आवर्जून सांगा, कारण त्या स्थितीत तेल पंपापर्यंत पोचेलच असं नसतं.

हे सगळं पहिल्या एस्टिमेटमध्ये येणं शक्य नाही, आणि त्यात कोणाची लबाडीही नाही. त्यासाठीच पहिल्या एस्टिमेटवर "गाडी खोलल्यानंतर आढळणारं नुकसान वेगळं कळवले जाईल" अशी ओळ गॅरेजकडून लिहून घ्यावी. संशय असलेले भाग "तपासणीसापेक्ष" म्हणून नावानिशी नोंदवावेत. गाडी खोलली, नवं नुकसान दिसलं, की काम थांबवायचं, फोटो काढायचे, पुरवणी एस्टिमेट पाठवायचं आणि सर्व्हेयरने पुन्हा पाहिल्याशिवाय तो भाग फेकायचा नाही. इथे घाई करून भाग बदलून टाकला आणि बिल नंतर पाठवलं, तर पुरावाच उरत नाही. बदललेले जुने भागही गॅरेजमध्ये राहू द्यावेत. त्यांवर अनेकदा विमा कंपनीचा हक्क असतो आणि ती पुन्हा तपासणी करू शकते.

खोलण्याची मजुरी कोण देणार हे मात्र आधी विचारून ठेवावं. क्लेम मंजूर झाला तर ती सहसा दुरुस्तीत धरली जाते. नाकारला गेला तर ती तुमच्या अंगावर येऊ शकते.

टोटल लॉस

मोटरसायकल फार लवकर टोटल लॉस होते, म्हणजे ती दुरुस्त करण्यापेक्षा तिची किंमत देऊन टाकणं कंपनीला परवडतं. सुट्या भागांच्या किमती एकेक करून जोडल्या तर बेरीज नव्या गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते, आणि अपघातात भाग सुटेच विकत घ्यावे लागतात. म्हणून चालू स्थितीत दिसणारी गाडीसुद्धा कागदावर "संपलेली" ठरते.

हिशेब असा. समजा गाडीची अपघाताआधीची किंमत १०० आहे आणि मोडक्या अवस्थेत तिला ३० मिळतील. टोटल लॉस केला तर कंपनीचे १०० जातात आणि ३० परत येतात, म्हणजे निव्वळ ७०. दुरुस्ती ६६ मध्ये होत असेल तर कंपनी दुरुस्ती निवडेल. गाडी खोलल्यावर तीच ७३ झाली तर टोटल लॉस. आकडा काठावर असेल तेव्हा पुरवणी एस्टिमेट पाठवण्याआधी दोन्ही शक्यतांचा विचार केलेला बरा. गाडी ठेवायची आहे की पैसे हवेत, हे स्वतःशी स्पष्ट हवं. याचा अर्थ नुकसान लपवावं असा मुळीच नाही. चासी वाकलेली असताना केवळ टोटल लॉस टाळायला गप्प बसणं जिवावर बेतू शकतं.

कुठे रेषा आखायची ते देशागणिक बदलतं. भारतात दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत ठरवलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, आणि भरपाईचा आधार पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही हाच असतो. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली आणणं नंतर महागात पडतं. अमेरिकेत ही मर्यादा राज्याप्रमाणे ठरते: फ्लोरिडात ८० टक्के, टेक्सासमध्ये १०० टक्के. जर्मनीत समोरच्याच्या विम्यातून भरपाई घेताना, गाडी खरोखर नीट दुरुस्त करून पुढे वापरणार असाल तर बाजारभावाच्या १३० टक्क्यांपर्यंतचा दुरुस्तीखर्चही मान्य होऊ शकतो. माणसाचा आपल्या गाडीवर जीव असतो, हे तिथल्या न्यायालयांनी मान्य केलं आहे असंच मला वाटतं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांना ए, बी, एस आणि एन अशा श्रेणी देतात. ए आणि बी पुन्हा रस्त्यावर येत नाहीत, एस म्हणजे सांगाड्याला मार, एन म्हणजे सांगाडा शाबूत.

जिथे बाजारभावावर भरपाई ठरते तिथे कंपनीने गाडीची किंमत कशावरून काढली ते मागून घ्या. तुलनेला घेतलेल्या गाड्या त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच किलोमीटरच्या आणि त्याच स्थितीच्या आहेत का? नवे टायर, नुकताच बदललेला चेन सेट, कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीज यांची बिलं जोडा. अ‍ॅक्सेसरीज पॉलिसीत आधी नोंदवल्या नसतील तर त्या बऱ्याचदा धरल्याच जात नाहीत. मोडकी गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर तिची भंगार किंमत भरपाईतून वजा होते, आणि ती किंमत कोणत्या बोलीवरून आली हेही विचारता येतं.

मतभेद झाला तर

दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि ओळीसमोर ओळ लावा. घसाऱ्याचा फरक सोडला तर तीनच प्रकारचे फरक निघतात: ओळ पूर्ण गाळली आहे, बदलण्याऐवजी दुरुस्ती धरली आहे, किंवा दर-तास कमी लावले आहेत. गाळलेल्या ओळीला अपघाताशी संबंध दाखवणारा फोटो लागतो, दुरुस्तीच्या ओळीला मॅन्युअल किंवा मोजमाप, आणि दराच्या ओळीला दुसऱ्या गॅरेजचं लेखी एस्टिमेट. मग एक छोटं पत्र लिहा. उदाहरणार्थ: "ओळ १२, फोर्क पाइप डावा: असेसमेंटमध्ये दुरुस्ती धरली आहे. मोजलेला वाक ०.६ मिलिमीटर, उत्पादकाची मर्यादा ०.२. मोजमापाचा फोटो आणि मॅन्युअलचं पान सोबत आहे. कृपया बदली मंजूर करावी, अथवा नाकारण्याचं कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी कळवावं." एवढं पुरतं. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी त्याचा सारांश ईमेलने पाठवून ठेवा.

एवढ्याने भागलं नाही तर पुनर्तपासणी मागा, सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत मागा, मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा आणि शेवटी विमा लोकपालाकडे. भारतात आणि ब्रिटनमध्ये लोकपालाकडे जायला विमाधारकाला फी पडत नाही. अमेरिकेतल्या अनेक पॉलिसींत वेगळी सोय असते. दोन्ही बाजू आपापला मूल्यांकक नेमतात, ते दोघे मिळून एक पंच निवडतात, आणि तिघांपैकी दोघांचं एकमत झालेली रक्कम ठरते.

जुना ओरखडा किंवा आधीच फुटलेला इंडिकेटर या क्लेममध्ये घुसवू नका. गंज, धूळ बसलेली तड आणि फिकट झालेली खरवड सर्व्हेयरला लगेच ओळखू येते, आणि एक ओळ खोटी निघाली की तुमच्या बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही त्याचा विश्वास उडतो. अनेक देशांत त्यावरून आख्खा क्लेम फेटाळला जाऊ शकतो. जुनं नुकसान असेल तर आपणहून दाखवा. त्याने उरलेल्या यादीचं वजन वाढतं.

"पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली" अशा कागदावर गाडी खोलून तपासली जाईपर्यंत सही करू नये. वादात नसलेली रक्कम आधी देण्याची आणि उरलेल्या ओळी खुल्या ठेवण्याची मागणी लेखी करता येते. गॅरेज गाडी उभी करण्याचं रोजचं भाडं लावत असेल तर तेही पहिल्या दिवशीच विचारा. कंपनीच्या दिरंगाईने वाढलेलं भाडं मागता येतं, तुमच्या दिरंगाईचं येत नाही. तोवर गाडी झाकून, कोरड्या जागी ठेवा. पावसाने वाढलेलं नुकसान कंपनी नाकारू शकते.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेताना मंजूर यादी हातात घेऊन एकेक भाग बघा. नवा भाग लिहिला असेल तर नवाच बसवला आहे का, चाकांच्या रेषेचं मोजमाप कागदावर दिलं आहे का, सगळे बोल्ट आवळल्याच्या खुणा आहेत का. मग रिकाम्या, सपाट रस्त्यावर सावकाश चालवून बघा: हँडल सरळ धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग तिरका बसतो का, वळल्यावर हँडल मध्यावर अडकतं का. यातलं काही जाणवलं तर समाधानाच्या पावतीवर सही न करता तो दोष त्याच पावतीवर लिहा, गॅरेजचा शिक्का घ्या आणि त्याचा फोटो त्याच दिवशी सर्व्हेयरला पाठवा.